वाचून दाखव

मी वाचायला शिकले ती चाळिशी उलटल्यावर. आजही एक पान लिहायला अख्खी दुपार जाते, आणि तरी त्यात कुठे ना कुठे ‘भ’च्या जागी ‘म’ ठाण मांडून बसलेला असतोच. छापणाऱ्यांनी तो उठवावा. मला त्याची लाज वाटायचे दिवस संपले. पण ते दिवस होते तेव्हा लाज इतकी होती, की कृष्णेला पाणी असतं तर मी उडी घेतली असती. दुष्काळाचं वर्ष होतं आणि आमच्या घाटाला गुडघाभरही पाणी नव्हतं, म्हणून राहिले.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, नदीकाठचं. वडील पलटणीत. त्यांना आम्ही आबा म्हणायचो, आणि ते वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. घरी आई, धाकटा भाऊ, दोन म्हशी आणि थोडा ऊस. गावात चौथीपर्यंतची शाळा होती आणि ती एकाच खोलीत भरायची. गुरुजीही एकच. चार इयत्ता चार भिंतींना पाठ लावून बसायच्या. गुरुजी एका इयत्तेला गणितं घालायचे आणि बाकीच्यांना मोठ्यानं धडे म्हणायला लावायचे. आवाज बंद पडला की छडी. त्यामुळे मी पहिलीत बसले तेव्हापासून दुसरी, तिसरी आणि चौथीची पुस्तकं रोज कानांवर पडत होती. माझा कान तिखट. चौथीत पोहोचेपर्यंत चौथीचं पुस्तक मला तोंडपाठ झालेलं होतं. गुरुजी म्हणाले ‘वाचून दाखव’, की पुस्तक उघडायचं, धड्यावरचं चित्र बघायचं आणि सुटायचं. फळ्यावरचं पाटीवर उतरवायचं असेल तर रांगोळी काढावी तसं बघून बघून काढायचं.

यात माझा काही डाव नव्हता. मला खरंच वाटायचं, वाचणं म्हणजे हेच. सगळी पोरं धडा पाठ करतात आणि मग पुस्तकाकडे बघून म्हणतात, अशी माझी पक्की समजूत होती. गुरुजींनी आबांना सांगितलं, पोरगी एकपाठी आहे. आबांनी त्या सुट्टीत ते पारावर, गिरणीत, न्हाव्याच्या पुढ्यात, जिथे बसतील तिथे सांगितलं.

पाचवीला शेजारच्या मोठ्या गावच्या हायस्कुलात घातलं आणि माझं पितळ उघडं पडलं. तिथे कुणी मोठ्यानं म्हणतच नव्हतं. सर म्हणायचे, धडा मनात वाचा. मी मनात काय वाचणार, कपाळ? आजूबाजूच्या पोरी मान खाली घालून पानं उलटायच्या आणि मला पहिल्यांदाच कळलं, की या कागदातून त्यांना काहीतरी मिळतं आहे जे मला मिळत नाही. माझ्यापुढची अक्षरं जागेवर ठरायची नाहीत. घ आणि ध एकमेकांची जागा घ्यायचे, वेलांटी आपलं अक्षर सोडून शेजारी जायची, आणि जोडाक्षर आलं की मला घाम फुटायचा. एक ओळ कशीबशी ओलांडली, की तिच्या सुरुवातीला काय होतं ते विसरलेलं असायचं.

मार खाल्ला. किती, ते सांगत बसत नाही. मराठीच्या सरांनी एकदा मला पहिलीचं पुस्तक हातात देऊन वर्गाच्या दाराबाहेर उभं केलं. हायस्कुलात येणारीजाणारी सगळी पोरं बघत होती, आणि त्यात आमच्या गावचीही होती. पण मारापेक्षा वेगळीच गोष्ट जिवाला लागायची. इतिहास-भूगोल तोंडी विचारला तर वर्गात माझ्या तोडीचं कुणी नव्हतं, आणि सरांना नेमका त्याचाच संताप यायचा. तोंडानं येतं तर हातानं का येत नाही? म्हणजे माज. मतिमंद असते तर त्यांनी सोडून दिलं असतं. हुशार होते म्हणून मार जास्त पडला.

घरी आईनं आपल्या परीनं उपाय केले. जिभेला वेखंड घासलं, देवऋष्याकडून अंगारा आणला, गुरुवारी उपास धरायला लावले. शेवटी मामाबरोबर मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घालून, दिव्याचा झोत पाडून तपासलं आणि सांगितलं, नजर उत्तम आहे, चष्म्याची गरज नाही. मला वाटलं आता तरी कुणाला माझी दया येईल. झालं उलटंच. डोळे चांगले आहेत म्हणजे पोरगी सोंग करते, असा त्याचा अर्थ निघाला. त्या दिवसापासून आईही मारायला लागली.

मी एवढं सगळं सोसून शाळेला चिकटून होते ते एका कारणासाठी. मला नर्स व्हायचं होतं. आमच्या गावाला आठवड्यातून एकदा दवाखान्याची नर्सबाई यायची. पांढरं लुगडं, हातात पेटी, आणि पाटीलसुद्धा तिच्याशी अदबीनं बोलायचे. मी तिच्या मागे मागे फिरायची. ती म्हणायची, सातवी पास हो, सांगलीला ट्रेनिंगला घालते. सातवी पास. एवढाच एक उंबरठा होता. पलीकडे सांगली होती, आणि अलीकडे लग्न. आमच्या भावकीत नापास पोरीला घरात ठेवत नसत. नापास झाली की स्थळं बघायला सुरुवात. पाचवी-सहावीत गचके खात मी सातवीला आले तोवर पंधरावं लागलं होतं, आणि त्या एप्रिलात मी सातवीत नापास झाले.

गावात तोंड दाखवायला नको म्हणून आईनं मला आत्तीकडे पाचगणीला पाठवून दिलं. आत्ती म्हणजे आबांची बहीण. विधवा होती आणि तिथल्या एका मोठ्या निवासी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. त्या शाळेला सुट्टी थंडीत असायची, त्यामुळे ऐन मे महिन्यात ती गजबजलेली होती. मी आत्तीबरोबर कांदे चिरायची, ताटं पुसायची. दुपारी जरा मोकळी झाले की बाहेर पडवीत यायची.

त्या पडवीत एक म्हाताऱ्या मिस दोन-तीन पोरांना वेगळं घेऊन बसायच्या. परातीएवढ्या ट्रेमध्ये बारीक वाळू पसरलेली, आणि पोरं त्या वाळूत बोटानं अक्षरं काढत होती. मोठी पोरं, माझ्यापेक्षा थोडीच लहान. एक पोरगा एकच अक्षर पुन्हा पुन्हा उलटं काढत होता. मिस ते हातानं पुसायच्या आणि म्हणायच्या, पुन्हा. बस, एवढंच. मी आत्तीला विचारलं, ही पोरं काय करतात? आत्ती म्हणाली, त्यांना वाचता येत नाही, म्हणून मिस वेगळं शिकवतात.

मला आनंद झाला असेल असं कुणाला वाटेल. मला राग आला. इतका, की तिथेच खाली बसले. मोटारीतून येणारी ही पोरं, त्यांनाही माझ्यासारखंच वाचता येत नव्हतं, आणि त्यांना कुणी दाराबाहेर उभं करत नव्हतं. त्यांच्यासाठी वाळू होती. मला छडी होती. फरक काय, तर बापाच्या खिशाचा.

मिसनी मला बघितलं आणि बोलावलं. त्यांचं मराठी निम्मं हिंदी होतं. वाळूत अ काढायला सांगितला, मग घ, मग ध. मी काढलेलं त्यांनी नीट बघितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं, एक गोष्ट वाचून दाखवली आणि परत सांग म्हणाल्या. मी ती शब्दन्‌शब्द सांगितली. तेव्हा त्यांनी ट्रे बाजूला ठेवला आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, ‘तू ढ नाही. तू खोटं पण नाही करत. याला डिस्लेक्सिया म्हणतात. जन्मापासून असतं. मारून जात नाही, शिकवून जरा जरा कमी होतं.’

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला सांगत होतं, की मी सोंग करत नाही. मी तो शब्द तोंडात घोळवत राहिले. चुलीपुढे, नळावर, अंथरुणात. वाचता येत नव्हता, लिहिता येत नव्हता, पण पाठ करायला मला कधी वेळ लागला होता? त्या महिन्यात मिसनी रोज दुपारी मला वाळूत बसवलं. महिन्याच्या शेवटी मी एका डब्यावरचा ‘मीठ’ हा शब्द कुणी न सांगता वाचला आणि आत्तीला मिठी मारून रडले. मिस म्हणाल्या, असं शिकवणारं कुणी मिळालं तर दोन वर्षांत सातवी होईल. दोन वर्षं. मी ती मनातल्या मनात मागूनही ठेवली होती.

जूनच्या तोंडावर आबा सुट्टीवर आले आणि मला न्यायला पाचगणीला आले. मीच त्यांना मिसच्या पुढ्यात नेलं. वाटलं, माझ्या तोंडून कुणी ऐकणार नाही, मिसचं ऐकतील. आबा टोपी हातात घेऊन, साहेबापुढे उभं राहावं तसे ताठ उभे राहिले. मिसनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. शेवटी विचारलं, तुमच्या घरात आणखी कुणाला असं आहे का? हे बहुतेक वेळा रक्तातून येतं. आबा म्हणाले, नाही, कुणाला नाही.

परतीच्या बसनं घाट उतरला. वाईच्या स्टँडवर गाडी थांबली, त्यांनी मला भजी घेऊन दिली, आणि स्वतः काही न खाता म्हणाले, ‘मला बी असंच हाय.’

मला आधी कळेना, काय असंच आहे. मग त्यांनी सांगितलं. पलटणीत बढतीसाठी लेखी परीक्षा द्यावी लागते. त्यांच्यामागून भरती झालेली पोरं हवालदार झाली, सुभेदार झाली. आबा नेमबाजीत पहिले, नकाशा एकदा समजावून दिला की विसरणार नाहीत, पण पेपर पुढे आला की सगळं बंद. एवढी वर्षं शिपाईच राहिले. लहानपणी मास्तरांनी त्यांची बोटं दारात धरून चेंगरली होती. त्यांचा उजवा अंगठा वाकडा होता, आणि आम्ही समजत होतो ती लढाईतली जखम आहे.

मला त्यांचा इतका लळा आयुष्यात कधी वाटला नव्हता. मी भजी हातात तशीच धरून म्हटलं, आबा, म्हणजे तुम्हाला कळतंय ना, माझी चूक न्हाई ते. ते म्हणाले, ‘कळतंय म्हणून तर. मी लय मार खाल्लाय, बाय. तू आता खाऊ नगंस. उद्यापासनं तुझी शाळा बंद. तुला कोण हात लावणार न्हाई.’

त्यांनी ते मायेनंच म्हटलं होतं, हेच तर माझं दुर्दैव. रागानं म्हणाले असते तर मी भांडले असते. सातारा येईपर्यंत मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते, मला शाळा पाहिजे, मिस म्हणाल्या दोन वर्षं, मला मार चालतो, मार खाईन. ते माझ्या पाठीवर हात फिरवत राहिले. कराड जवळ आलं तेव्हा म्हणाले, आणि हे रक्तातलं आहे ते बाहेर कुणाला कळता कामा नये. डोक्याचा खानदानी आजार म्हटल्यावर तुला कोण करून घेईल? भावाला तरी कोण पोरगी देईल? मिसनी ‘आजार’ हा शब्द उच्चारलाच नव्हता. पण आमच्याकडे रक्तातून येणारं म्हणजे कोड, वेड नाहीतर फेफरं. चौथं काही असतं हे कुणाला माहीत नव्हतं. मला ज्या शब्दानं सोडवलं, त्याच शब्दानं माझ्या लग्नाची घाई लावली.

शाळा उघडल्यावर मी आईला न सांगता एकटी हायस्कुलात गेले. हेडमास्तरांना शिक्षकखोलीत गाठलं. हे समजणारा एक जरी माणूस इथे झाला तर आबा ऐकतील, असा माझा हिशेब होता. मी त्यांना सांगितलं, सर, याला नाव आहे, पाचगणीला अशी पोरं वेगळी बसवून शिकवतात, वाळूत, आणि आपल्या शाळेत पण माझ्यासारखी आणखी असतील, त्यांना मारू नका. मी नावही सांगितलं. हेडमास्तर शांतपणे ऐकून घेत होते. शेजारी मराठीचे सर होते. त्यांनी खडू उचलून माझ्या हातात दिला आणि फळ्याकडे बोट दाखवलं.

‘एवढी शिकून आलीस, तर लिही तो शब्द.’

मी खडू घेऊन उभी राहिले. ड कुठल्या बाजूला वळतो तेच आठवेना. सगळी शिक्षकखोली हसली, आणि त्यात हेडमास्तरही हसले, ते मात्र ओशाळून. नापास व्हायला आता इंग्रजी कारण मिळालं, असं मराठीचे सर म्हणाले. मी खडू टेबलावर ठेवला आणि शेतातल्या वाटेनं घरी आले. उसात शिरून मनसोक्त शिव्या दिल्या. पण उसाला शिव्या देऊन शाळा मिळत नाही.

श्रावण संपला आणि स्थळ आलं. आबा त्यासाठी पुन्हा रजा काढून आले. पलूसकडचे लोक, बागायतदार, मुलगा घरची शेती बघणारा. मामानं जमवलं होतं. मुलाकडच्यांना सांगितलं होतं, पोरगी सातवीला बसलेली आहे. आता बघायला आले की रीतच असते: चालून दाखव, नाव सांग, सुईत दोरा ओव, आणि शिकलेली म्हणाले असतील तर काहीतरी वाचून दाखव. मामा व्यवहारी माणूस. त्यानं एक वर्तमानपत्र आणलं, साखर कारखान्याचा गळीत हंगाम कधी सुरू होणार याची बातमी निवडली आणि ती मला दोनदा मोठ्यानं वाचून दाखवली. दुसऱ्या खेपेलाच ती मला पाठ झाली. म्हणाला, तोच पेपर मी तुझ्या हातात देईन, घडी घातलेला, हीच बातमी वर. आबा तिथेच बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

रात्रंदिवस माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. सगळ्यांसमोर खरं सांगायचं. खानदानी आजार आहे म्हटल्यावर ते लोक उठून जातील, गावोगाव होईल, पुन्हा कुणी बघायला येणार नाही. आबांची अब्रू जाईल, हे मला कळत होतं. पण लग्नच होत नाही म्हटल्यावर ते करणार काय? शाळेतच घालतील, नाहीतर पाचगणीला आत्तीकडे ठेवतील, आणि तिथे मिस आहेत. माझ्यापाशी दुसरं हत्यार नव्हतं. ज्या गोष्टीनं मला आजवर मारलं, तीच एकदा माझ्या कामी येऊ दे, असं मी देवाला म्हटलं.

ते आले. सोप्यात सतरंज्या टाकल्या होत्या. मुलाचे चुलते मधोमध बसलेले, सगळा कारभार त्यांच्या हातात. मुलाची आई बायकांत. मी पाटावर बसले, डोक्यावर पदर. नाव विचारलं, सांगितलं. चालून दाखवलं. दोरा ओवला. मग चुलते म्हणाले, ‘वाचाय येतंय म्हणं. वाचून दाखीव की जरा.’ मामानं पेपर पुढे केला, घडी घातलेला.

बातमी माझ्या ओठांवर होती. मी पेपर मांडीवर ठेवला आणि म्हटलं, ‘मला वाचाय येत न्हाई. मला डिस्लेक्सिया हाय. जल्मापासनं हाय, आमच्या रक्तातनं आलाय. पाचगणीच्या मिसनी सांगितलंय.’

मामाचा हात पुढे आलेला तसाच राहिला. आबांनी डोळे मिटले. मनात मी म्हणत होते, उठा. उठा आता. जा.

चुलत्यांनी पानाचा तोबरा गालात सारला आणि मामाला विचारलं, म्हणजे नेमकं काय? वाचता येत नाही, एवढंच ना? मामा चाचरत म्हणाला, एवढंच, बाकी काही नाही. चुलते हसायला लागले. म्हणाले, ‘मग बेस झालं की. आमची थोरली सून शिकल्याली हाय. घरात चमचा पडला तरी म्हायेरला पत्र जातंय. ही बरी. पसंत हाय आमाला.’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. माझा कान आयुष्यात एकदाही चुकला नव्हता. बायकांतून मुलाच्या आईनं माझ्या आईला हळूच विचारलं, ते काय ती म्हणाली, ते कामाच्या आड तर येत नाही ना? आई घाईघाईनं म्हणाली, छे, कामाला वाघीण आहे. मी पुन्हा तोंड उघडलं, मला शाळेत जायचंय म्हणून सांगायला, पण तोवर पुरुषमाणसं मोठ्यानं बोलायला लागली होती, तिथीचं, मानपानाचं. कुणीतरी माझ्या मांडीवरचा पेपर उचलला आणि सुपारी फोडायला खाली अंथरला.

मी पाटावरच रडायला लागले. बायका हसल्या. म्हणाल्या, रडू दे, सासरचं नाव निघालं की पोरी रडतातच. त्या घरात मी कशासाठी रडते आहे ते एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस सगळ्यांच्या मधे मान खाली घालून आपल्या हातानं सुपारी फोडत होता.